पेटीतले पदक : फारसी मजकूर, इंग्रजी कड आणि चांदीचा भाव

१/
सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि वर्षानुवर्षे बंद असलेल्या लोखंडी पेट्या घरोघरी उघडल्या गेल्या. शोध कागदाचा होता. खासरा पत्रक, शाळेचा दाखला, उर्दूतली किंवा मोडीतली एखादी नोंद. पण पेटीच्या तळाशी कागदाखेरीज आणखीही काही असते. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या जुन्या गावात, जिथे संत जनाबाईंच्या आठवणीइतक्याच निजामी अमलाच्याही खुणा घरांतून टिकून आहेत, तिथे चिंधीत गुंडाळलेली चांदीची एखादी चकती निघणे मुळीच नवलाचे नाही.

२/
अशा चकतीचे पुढे काय होते, हे बहुधा त्या आठवड्यातच ठरते. घरात ती वाचता येणारे कुणी नसते. 'निजामाचे काहीतरी आहे' एवढाच निष्कर्ष निघतो आणि चकती सराफाच्या तराजूवर जाते. २०२५ साली चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या पुढे गेल्यापासून तर ही वाट अधिकच सोपी झाली आहे. सराफ टंच काढतो, घट धरतो आणि पैसे मोजतो. त्यात त्याची काही चूक नाही, कारण त्याच्याकडे वस्तू चांदी म्हणून आलेली असते. प्रश्न इतकाच की, तराजूवर ठेवण्याआधी ती कुणी वाचली होती का?

३/
पहिला निर्णय नाणे की पदक हा. मराठवाड्यातील घरांत सर्वाधिक सापडतो तो चारमिनारचा रुपया, म्हणजेच हाली सिक्का. वजन ११ ग्रॅमहून किंचित अधिक. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असते. 'मीम' असेल तर सहावा निजाम मीर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर सातवा निजाम मीर उस्मान अली खान. हे चलनी नाणे आहे, पदक नव्हे. इंग्रजी कलदार रुपया आणि हाली रुपया यांचा विनिमय ढोबळमानाने ६ कलदारांना ७ हाली असा चाले. गावातील जुनी माणसे 'कलदार' हा शब्द आजही खणखणीत, खऱ्या पैशाच्या अर्थाने वापरतात, तो याच फरकातून आलेला. हाली रुपये विपुल आहेत, म्हणून सामान्य वर्षाच्या रुपयाला चांदीहून फार मोठी किंमत येत नाही.

४/
पदकावर मूल्य लिहिलेले नसते. वरच्या बाजूस कडी किंवा पट्टी असते, किंवा ती तुटल्याची खूण असते. त्यातून फीत ओवून पदक छातीवर लावले जाई. फीत शंभर वर्षांत बहुधा विरून गेलेली असते. पण तिचा विटका तुकडा उरला असेल तर तो फेकू नये. पदक ओळखताना रंगांच्या पट्ट्यांचा क्रम हा अनेकदा चेहऱ्याइतकाच नेमका पुरावा ठरतो.

५/
आता मराठवाड्यात हमखास फसवणारे एक पदक पाहू. चांदीचे, साधारण ३८ मिलिमीटर व्यासाचे. एका बाजूस फुलापानांच्या वर्तुळात मुकुटधारी राजा आणि राणी, दोघेही डावीकडे पाहणारे. दुसऱ्या बाजूस फक्त फारसी मजकूर. फारसी अक्षरे दिसली की गंगाखेडच्या माणसाला निजाम आठवणारच, कारण हैदराबादच्या दरबाराची भाषा आधी फारसी व नंतर उर्दू होती. पण हे पदक निजामाचे नाही.

६/
त्या मजकुराचा आशय असा : हिंदुस्थानचा कैसर आणि इंग्रजी मुलुखांचा मालक पाचवा जॉर्ज याचा दरबार. हे १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराचे स्मृतिपदक. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा झाली तो हा दरबार. संस्थानिक आणि अत्युच्च अधिकारी यांच्यासाठी सोन्याची सुमारे २०० पदके पाडली गेली, तर चांदीची सुमारे ३०,०००. चांदीची पदके सैनिकांना, अधिकाऱ्यांना आणि मुलकी प्रतिष्ठितांना मिळाली. दरबाराला प्रत्यक्ष हजर नसलेल्यांनाही ती दिली गेली. म्हणून 'आमचे पणजोबा दिल्लीला गेले होते' हे एवढ्या पदकावरून सिद्ध होत नाही. पदक मिळण्याइतके त्यांचे स्थान होते, एवढेच सिद्ध होते.

७/
इंग्रज राजाच्या पदकावर फारसी का, याचे उत्तर राज्यकर्त्यांच्या महत्त्वाकांक्षेत आहे. दिल्लीत दरबार भरवून ते स्वतःला मोगलांचे वारस म्हणून मांडत होते आणि वारसाहक्काची भाषा मोगलांचीच असावी लागते. १८७७ सालच्या व्हिक्टोरियाच्या कैसर-ए-हिंद पदकावर तर इंग्रजी, फारसी आणि नागरी अशा तीनही लिप्यांत बिरुद आहे. ते आकाराने मोठे, ५८ मिलिमीटरचे. ते मराठवाड्यातील सामान्य घरात निघण्याची शक्यता अगदीच थोडी. १९०३ च्या दरबाराचे सातव्या एडवर्डचे पदकही असेच फारसी मजकुराचे, पण चांदीत अडीच हजारांच्या आसपासच निघालेले. १९११ चे त्यामानाने बरेच सुलभ.

८/
१९११ च्या दरबाराला हैदराबादच्या इतिहासात वेगळे स्थान आहे. सहावा निजाम त्याच वर्षी २९ ऑगस्टला वारला आणि पंचविशीतला उस्मान अली खान गादीवर आला. साडेतीन महिन्यांतच दिल्लीत सर्व संस्थानिकांत पहिला मुजरा करण्याचा मान त्याच्याकडे गेला. त्याच्यानंतर आले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. त्यांनी दागदागिने टाळले, एकदाच मान लववली आणि राजाकडे पाठ करून ते परतले. त्यावरून इंग्रजी वृत्तपत्रांत एवढे वादळ उठले की सयाजीरावांना खुलाशाचे पत्र द्यावे लागले. ते अनवधान होते की अवज्ञा, यावर आजही वाद होतो. आज घरात निघालेले पदक हे त्या दिवसाचे स्मारक. त्याच्याकडे केवळ निष्ठेची खूण म्हणून पाहिले तर त्या दिवसाचा अर्धाच भाग दिसतो.

९/
खऱ्या निजामी वस्तूवरचे साल वाचणे वाटते तितके अवघड नाही. उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. शून्य म्हणजे नुसता ठिपका. एक म्हणजे उभी रेघ. पाच हा उलट्या पिंपळपानासारखा. सात म्हणजे वर उघडणारा कोन आणि आठ म्हणजे खाली उघडणारा. सात-आठची गल्लत झाली की पदक दहा वर्षे पुढे-मागे जाते, आणि अशी गल्लत सर्रास होते.

१०/
साल कळले तरी सन कोणता हे उरतेच. हिजरी असेल तर त्यातून त्याचेच तीन टक्के वजा करून ६२२ मिळवावेत. १३२९ मधून सुमारे ४० गेले, उरले १२८९, अधिक ६२२, म्हणजे १९११. फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावेत, कारण हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. मराठी मजकुराची वस्तू असेल तर शक असण्याचा संभव, तिथे ७८ मिळवायचे. एकाच पेटीत तीन सनांची कागदपत्रे असतात आणि घरातले सगळे त्यांना सरसकट 'जुने' म्हणतात.

११/
उस्मान अली खानाच्या रौप्यमहोत्सवाचे उदाहरण घ्यावे. गादीवर येऊन २५ वर्षे १९३६ मध्ये पूर्ण झाली. पण त्या वर्षीच्या जानेवारीत पाचवा जॉर्ज वारला होता. सोहळा झाला फेब्रुवारी १९३७ मध्ये, फसली १३४६. 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर निजाम झळकला तो याच महिन्यात. याच प्रसंगी हैदराबाद टपालाने चार तिकिटे काढली. युनानी दवाखाना, उस्मानिया रुग्णालय, उस्मानिया विद्यापीठ आणि जुबिली हॉल अशी चित्रे त्यांवर आहेत. चारही इमारती हैदराबाद शहरातल्या. मराठवाड्यातली एकही नाही. जुबिलीचे पदक गंगाखेडच्या घरात निघाले तर शेजारच्या जुन्या पाकिटांवर ही तिकिटेही शोधावीत. दोन्ही एकत्र असतील तर दोघांचेही मोल वाढते.

१२/
इथपर्यंतची पदके एका बाबतीत मुकी आहेत. दरबाराचे पदक कोरे दिले जाई, मिळवणाऱ्याचे नाव त्यावर नसे. नाव हवे असेल तर पहिल्या महायुद्धाच्या पदकांकडे वळावे लागते, आणि तिथे पाहायची जागा चेहरा नव्हे, पाठ नव्हे, तर कड.

१३/
या युद्धाची दोन पदके सहसा जोडीने सापडतात. एक चांदीचे ब्रिटिश युद्धपदक. त्यावर एका बाजूस पाचव्या जॉर्जचे मस्तक, दुसऱ्या बाजूस घोड्यावरचा नग्न स्वार आणि १९१४ व १९१८ ही साले. दुसरे काशाचे विजयपदक, पंख पसरलेली विजयदेवता असलेले, इंद्रधनुष्यी फितीचे. दोन्ही ३६ मिलिमीटरची, दोन्ही विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराच्या हातची. ब्रिटिश युद्धपदके साठ लाखांहून अधिक वाटली गेली. एवढ्या संख्येने निघालेली वस्तू दुर्मीळ कशी असेल? वस्तू म्हणून ती दुर्मीळ नाहीच.

१४/
पण प्रत्येक पदकाच्या कडेवर इंग्रजीत ठोकलेली एक ओळ असते. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. त्या ओळीमुळे साठ लाखांतले प्रत्येक पदक एकमेव ठरते. मराठी नावांची इंग्रजी कारकुनाने केलेली मोडतोड लक्षात ठेवून ती वाचावी लागते. आडनाव गाळलेले असते, किंवा पवारांचे 'पोवार' आणि जाधवांचे 'जाधाव' झालेले असते. हुद्दा बहुधा संक्षेपात. घरातल्या माणसाचे नाव जुळत नाही म्हणून 'हे आपले नव्हे' असे लगेच ठरवू नये.

१५/
पलटणीचे नाव सर्वांत बोलके. गंगाखेडच्या परिसराला त्याचा खास संदर्भ आहे. १८५३ च्या तहाने ज्या फौजेच्या खर्चासाठी निजामाकडून वऱ्हाड घेतला गेला, त्या हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, जालना आणि औरंगाबाद येथे होत्या. परळी ओलांडली की अंबाजोगाई. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. तिचे पायदळ ९४ ते ९९ क्रमांकांच्या पलटणी झाले. त्यांत रसेल्स इन्फंट्री, बेरार इन्फंट्री, डेक्कन इन्फंट्री ही नावे येतात. घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी व ३० वी लान्सर्स निघाल्या. कडेवर यांपैकी एखादे नाव असेल तर त्या पलटणीची मुळे मराठवाड्याच्याच मातीत आहेत, असे खुशाल समजावे.

१६/
२० वी डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर हाय वूडजवळ घोड्यांवरून भाले घेऊन चालून गेली. यंत्रबंदुकांच्या युद्धातली ती घोडदळाची एक विरळ चढाई. पायदळाच्या पलटणींतून १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. हिमालयातल्या या नामांकित रेजिमेंटची वंशावळ मराठवाड्यातील छावण्यांपर्यंत येते, हे हिंगोलीतही फार थोड्यांना ठाऊक असेल.

१७/
कडेवर 'महराट्टा' असा शब्द असेल तर कथा बहुधा मेसोपोटेमियाकडे, आजच्या इराककडे वळते. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कूत येथे हे सैन्य वेढले गेले. उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. त्यानंतर तुर्की कैदेत झालेले मृत्यू हा वेगळ्या लेखाचा विषय. या पलटणींची भरती मुख्यतः इंग्रजी मुलखातली. मग असे पदक निजामी मुलखातल्या गंगाखेडला कसे? पदके लग्नानेही प्रवास करतात. बापाचे पदक लेकीच्या पेटीतून सासरी येते आणि दोन पिढ्यांनी ते सासरच्या आजोबांचे ठरते. म्हणून आजीचे माहेर कोणते, हा पदक ओळखण्याच्या कामातला पहिल्या पाचांतला प्रश्न आहे.

१८/
मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. १९२९ मध्ये त्याचे अनावरण झाले. त्यावर ब्रिटिशांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली. भारतीय शिपायांची मात्र कोरली नाहीत. पलटणीखाली त्यांची केवळ संख्या दिली. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने २०२१ च्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली. म्हणजे बसऱ्याकडे गेलेल्या आणि न परतलेल्या एखाद्या शिपायाचे नाव साम्राज्याने धातूवर किंवा दगडावर जिथे कोरले, अशी जागा बहुतेक वेळा एकच उरते. घरी पोचलेल्या पदकाची तीन मिलिमीटर रुंदीची कड.

१९/
आता सराफाचा हिशेब मांडून पाहू. ब्रिटिश युद्धपदक उंची चांदीचे, सुमारे अडीच तोळ्यांचे. किलोला एक लाख धरले तर त्याचे तीन हजारांच्या आसपास होतात, घट वेगळी. १९७९-८० च्या हिवाळ्यात जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा ही पदके ढिगांनी वितळवली गेली. जोडीचे काशाचे विजयपदक मात्र वितळवून काही मिळत नसल्यामुळे वाचले. आज संग्राहकांकडे एकटीच विजयपदके दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

२०/
याच पदकाची एक काशाची आवृत्तीही आहे. मजूर तुकड्यांसाठी, म्हणजे भारतीय, चिनी आणि माल्टाच्या श्रमिकांसाठी, सुमारे १ लाख १० हजार काढली गेली. युद्धात रस्ते खणणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसाला साम्राज्याने चांदीस पात्र मानले नाही. सराफ त्या पदकाला हातही लावत नाही. संग्राहक मात्र चांदीच्या पदकापेक्षा त्याला अधिक मोजतात, कारण ती मुळातच थोडी.

२१/
दुसऱ्या महायुद्धाचे युद्धपदक आणि इंडिया सर्व्हिस मेडल ही दोन्ही तांबे-निकेलची. चकाकी चांदीची, कस शून्य. बाजारात त्यांना फार किंमत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

२२/
त्याच धातूचे आणखी एक पदक गंगाखेडच्या दृष्टीने मात्र विलक्षण आहे. भारतीय स्वातंत्र्य पदक. एका बाजूस अशोकचक्र आणि त्यावर, आश्चर्य वाटेल पण, ब्रिटिश मुकुट. दुसऱ्या बाजूस सिंहशीर्ष आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. फीत केशरी, पांढरी, हिरवी. प्रजासत्ताक होण्याआधी भारत डोमिनियन होता, त्या अडीच वर्षांचे हे अपत्य. संस्थानी फौजांपैकी वेळेत भारतात सामील झालेल्या संस्थानांच्याच सैनिकांना ते मिळाले. हैदराबाद त्यांत नव्हते.

२३/
१५ ऑगस्ट १९४७ रोजी गंगाखेडवर निजामाचाच अंमल होता. त्याच दिवशी हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. मराठवाड्याचा मुक्तिदिन १७ सप्टेंबर १९४८. म्हणून या गावातल्या घरात हे पदक निघाले तर ते निजामाच्या फौजेतल्या शिपायाचे असू शकत नाही. ते मिळवणारा माणूस संस्थानाबाहेर, भारतीय सैन्यात किंवा सामील झालेल्या दुसऱ्या संस्थानात चाकरीला होता. आपले घर परक्या अमलाखाली असताना तो स्वतंत्र भारताच्या गणवेशात होता. काही घरांत याच पेटीत १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना दिलेले ताम्रपत्रही असते. ते दोन भावांचे की एकाच माणसाचे, हे घरच्यांनाच शोधावे लागेल.

२४/
बाजारभावाचे म्हणायचे तर तो चार गोष्टींवर ठरतो. कडेवर नाव आहे की नाही. पलटण कोणती आणि ती कुठे लढली. एकाच माणसाची सगळी पदके एकत्र आहेत की पांगलेली. आणि सोबत कागद आहे का : पेन्शन बुक, डिस्चार्ज, छायाचित्र. यांत कागद सर्वाधिक दुर्लक्षित. भावंडांच्या वाटणीत 'तुला एक, मला एक' म्हणून पदके वाटली जातात, तेव्हा दोघांचेही नुकसान होते. मागणीच्या किमती पाहून काहीच कळत नाही. मुंबईचे टोडीवाला किंवा बंगळुरूचे मरुधर आर्ट्स यांसारख्या लिलावगृहांत प्रत्यक्ष काय किंमत आली, तोच खरा भाव.

२५/
पदक घासू नये. हे कितीही वेळा सांगितले तरी दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच, रांगोळी किंवा टूथपेस्ट घेऊन कुणीतरी बसतेच. देवघरात टाकांशेजारी, लक्ष्मीपूजनाच्या रुपयांत मिसळून राहिलेली पदके तर दरवर्षी घासली जातात. त्यात राजाचे नाक जाते आणि पाठोपाठ कडेवरची अक्षरे जातात. चांदीवरचा काळसर थर हा मळ नव्हे, त्याने खालचा पृष्ठभाग राखलेला असतो. हार ओवण्यासाठी डाग लावून बसवलेले नवे कडे, भोक पाडलेली चकती, यांनीही किंमत बरीच उतरते. कुणा आजीने ते हौसेने गळ्यात घातले असेल तर तो त्या घराचा इतिहास झाला, एवढे मात्र कबूल करायला हवे.

२६/
बनावटीचा प्रश्न टाळता येत नाही. ठोकून पाडलेल्या पदकाची रेघ तीक्ष्ण असते. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे आणि कडेला सांधा दिसतो. पण यापेक्षा गंभीर धंदा वेगळाच आहे. राम दरबार किंवा हनुमान असलेली, 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' अशी अक्षरे असलेली तांब्याची चकती लाखो-कोटींची म्हणून दाखवली जाते. कंपनीने असे नाणे कधीच काढले नाही. भाविकांसाठी बनवलेले रामटके वेगळे, त्यांना श्रद्धेचे मोल आहे. त्यांवर कंपनीचे नाव घातले की ती फसवणूक. 'तांदूळ ओढणारे' नाणे, म्हणजे राईस पुलर, हा त्याच टोळ्यांचा पुढचा पाठ. परीक्षणाचा खर्च म्हणून आधी पैसे मागितले जातात आणि विकणारा भिकेला लागतो. 'रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेते' असे सांगणारे फोनही येतात. असा कोणताही व्यवहार आपण करत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

२७/
कायद्याच्या दोन बाबी. पेटीत, कपाटात, देवघरात वारशाने आलेले पदक हे त्या कुटुंबाचे. मात्र वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत दडवलेले काही सापडले, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपयांची ती मर्यादा व्हिक्टोरियाच्या काळातली. दुसरे, १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९११ चे पदक आता या मर्यादेत आले आहे. परदेशी ग्राहकाने ऑनलाइन चांगला भाव सांगितला तरी ते टपालात टाकणे गुन्हा ठरतो. देशात विकायला आडकाठी नाही.

२८/
ओळख पटवण्यासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारखी ठिकाणे आहेत. सैनिक युद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर पलटण आणि क्रमांक टाकून शोध घेता येतो. स्मारकावर न कोरलेली नावेही तिथल्या नोंदींत शोधता येतात. नावाच्या स्पेलिंगवर विसंबण्यापेक्षा क्रमांकावर विसंबावे. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत, या गावातून इतके जण युद्धावर गेले व इतके मेले, असे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या आहेत. आजीच्या माहेरच्या चावडीवर अशी पाटी असेल तर तीही पाहावी. तिच्यावरही बहुधा नावे नसतात, आकडेच असतात.

२९/
कडेवरची अक्षरे झिजली असतील तर पदक उभे धरून बाजूने, तिरपा प्रकाश पाडून छायाचित्र घ्यावे. तरीही वाचता आले नाही, तर एक जुना उपाय आहे. पतंगाच्या कागदासारखी पातळ पट्टी कडेभोवती घट्ट गुंडाळावी आणि मऊ शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवावी. आधी क्रमांक उमटतो, मग हुद्दा, मग नाव. पट्टीवर त्या दिवसाची तारीख आणि पदक कुणाच्या पेटीत मिळाले ते लिहून ती पदकासोबतच ठेवावी.

(समाप्त)